कारखाना बंद असताना किती वीज जाते, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत वाहनांच्या सुट्या भागांचे मशिनिंग करणारा कारखाना, सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी) मिळून ३४ यंत्रे, दोन पाळ्या, उच्चदाब वीजजोडणी, ३५० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी), ३७ आणि २२ किलोवॅटचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर (हवा दाबून भरणारी यंत्रे) आणि महिन्याला साडेसहा ते नऊ लाख रुपयांचे वीजबिल. खर्चासाठी २० लाख रुपये हाताशी आहेत आणि चार विक्रेते चार गोष्टी सुचवून गेले आहेत: छतावर सौर पॅनेल, व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेनुसार बदलणारे उपकरण) असलेला नवा कॉम्प्रेसर, सगळीकडे एलईडी दिवे आणि मुख्य पॅनेलला जोडली की बिल १५ टक्क्यांनी उतरवते अशी एक पेटी. यांपैकी आधी काय घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते प्रश्न काय घ्यावे हा नाही. तुमच्या बिलातला कोणता भाग उत्पादनाबरोबर हलतो आणि कोणता भाग उत्पादन झाले काय नि न झाले काय तसाच राहतो, हे तुम्हाला अजून माहीत नाही, आणि ते कळेपर्यंत चारही प्रस्ताव सारखेच आकर्षक दिसणार. सुदैवाने तुम्ही १२ महिन्यांची युनिट्स आणि त्या त्या महिन्यात बाहेर पडलेल्या मालाचे वजन प्रश्नासोबत दिले आहे. फार थोडे लोक एवढी माहिती देतात, आणि त्यामुळेच नेमके उत्तर देता येते.

सर्वाधिक उत्पादनाच्या महिन्यात ६२ टन माल निघाला आणि ८४,००० युनिट्स लागली. दिवाळीच्या महिन्यात माल ३४ टनांवर आला, पण युनिट्स ६३,००० लागली. म्हणजे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले तरी वीज केवळ एक चतुर्थांशाने कमी झाली. या दोन महिन्यांमधला फरक २८ टनांचा आणि २१,००० युनिटांचा आहे, म्हणून एक जादा टन काढायला साधारण ७५० युनिट्स लागतात असे दिसते. ६२ टनांना ७५० ने गुणले तर ४६,५०० येतात. उरलेली ३७,५०० युनिट्स कशात गेली? ती कोणत्याही विशिष्ट टनाच्या वाट्याची नाहीत. कारखाना अस्तित्वात आहे म्हणून ती जातात. दोनच बिंदूंवरून काढलेली रेषा कच्ची असते, म्हणून तुम्ही बाराही महिने आलेखकागदावर मांडा, आडव्या अक्षावर टन आणि उभ्या अक्षावर युनिट्स, आणि सर्व बिंदूंमधून सरळ रेषा काढा. ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो तुमचा स्थिर वापर. एक्सेलमध्ये हे पाच मिनिटांचे काम आहे. बिंदू रेषेपासून फार विखुरलेले असतील तर तीही माहितीच आहे, कारण त्याचा अर्थ असा की त्या महिन्यांत उत्पादनाशिवाय दुसरेच काहीतरी वीज खात होते, किंवा टन हे तुमच्या मालासाठी योग्य माप नाही. जड पण कमी मशिनिंगचा माल आणि हलका पण जास्त मशिनिंगचा माल एकाच महिन्यात मिसळत असेल, तर टनांऐवजी यंत्रांचे प्रत्यक्ष चालू तास घ्यावेत.

स्थिर वापर म्हणजे सगळा अपव्यय नव्हे. ट्रान्सफॉर्मर भार नसतानाही थोडी वीज घेतो, दिवे आणि पंखे लागतातच, यंत्रांच्या पॅनेलचे एसी बंद ठेवता येत नाहीत. पण मशिनिंगच्या कारखान्यात या भागात आणखी काय लपलेले असते ते मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे: जॉब (मशिनिंगचा तुकडा) लागलेला नसतानाही फिरत राहणारे हायड्रॉलिक पॉवरपॅक आणि कूलंट पंप, दिवसभर रिकामे चालणारे चिप कन्व्हेअर, गरज नसताना सुरू असलेले एक्झॉस्ट फॅन आणि या सगळ्यांच्या वर, संकुचित हवा.

हवेबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारख्या ठिकाणी पैसा तिथेच असतो. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा साधारण दहावा हिस्साच हवेच्या रूपाने उपयोगी काम करतो आणि बाकीची उष्णता होऊन कॉम्प्रेसरच्या खोलीतून बाहेर जाते. म्हणजे हवा ही कारखान्यातली सर्वांत महाग ऊर्जा आहे, आणि ती दिसत नाही, तिला वास नाही, तिने फरशी ओली होत नाही, म्हणून ती गळाली तरी कोणाला काही वाटत नाही. तेलाचा थेंब पडला तर फोरमन धावत येतो. हवेच्या नळीला ३ मिलिमीटरचे भोक असेल तर ७ बार दाबाला त्यातून सेकंदाला ११ लिटरच्या आसपास हवा जाते आणि ती भरून काढायला सुमारे ४ किलोवॅट सतत लागतात, याची मात्र नोंद कुठेच होत नाही.

चाकणच्या एका कारखान्यात मी मुद्दाम आठवडी सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी सकाळी गेलो होतो. शॉपफ्लोअरवर एकही यंत्र चालू नव्हते, तरी कॉम्प्रेसर सुरू होता, कारण शुक्रवारी पहाटे लाइनमध्ये दाब भरायला वेळ लागतो म्हणून तो बंदच करायचा नाही अशी तिथली पद्धत होती. मी आणि मेंटेनन्सचे फोरमन कॉम्प्रेसरसमोर घड्याळ घेऊन उभे राहिलो. तो ५० सेकंद लोडवर (हवा भरत) चालायचा, ७० सेकंद अनलोड व्हायचा (हवा न भरता नुसता फिरायचा), पुन्हा ५० सेकंद लोड. कोणीही हवा वापरत नसताना १२० सेकंदांपैकी ५० सेकंद तो हवा भरत होता, याचा अर्थ त्याच्या क्षमतेच्या जवळजवळ ४२ टक्के हवा केवळ गळत होती. चांगली देखभाल असलेल्या कारखान्यात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवता येते. तो कॉम्प्रेसरही ३७ किलोवॅटचाच होता. लोडवर सुमारे ४० आणि अनलोडवर सुमारे १२ किलोवॅट धरले तर सरासरी २४ किलोवॅट होतात, आणि एका गुरुवारच्या २४ तासांत ५७० युनिट्स. प्रति युनिट ९ रुपये धरले तर एका सुट्टीच्या दिवशी पाच हजारांहून थोडे जास्त रुपये, आणि त्या दिवशी एकही जॉब झालेला नव्हता.

मग आम्ही जुन्या स्प्रेच्या बाटलीत साबणाचे पाणी घेऊन यंत्रायंत्रापाशी फिरलो. एफआरएल युनिटच्या (हवा गाळून तिचा दाब नेमणाऱ्या भागाच्या) वाटीखाली, पीयू ट्यूब (प्लॅस्टिकची नळी) जिथे पुश फिटिंगमध्ये शिरते तिथे, क्विक कपलरच्या तोंडाशी फेस फुगत होता. सर्वांत मोठी गळती लाइनच्या शेवटी होती: ऑटो ड्रेन (लाइनमधले पाणी आपोआप काढणारा व्हॉल्व्ह) बिघडल्यामुळे ऑपरेटरने पाणी निघावे म्हणून हाताचा बॉल व्हॉल्व्ह थोडासा उघडा ठेवला होता, आणि त्याला कित्येक महिने झाले होते. फोरमन म्हणाले, “साहेब, यंत्रं चालू असली की हा आवाज येतच नाही हो. आज शांत आहे म्हणून कळलं.” त्यांच्या बोलण्यात सगळी पद्धत आली. गळती सुट्टीच्या दिवशी कानाने शोधायची, साबणाच्या पाण्याने पक्की करायची, त्या जागी लाल पट्टी बांधायची आणि पट्टी सुटेपर्यंत ती नोंदवहीत ठेवायची. तीन गुरुवारांत त्या ठिकाणी ६० हून अधिक जागा सापडल्या. बहुतेक ठिकाणी नवे फिटिंग, ओ-रिंग किंवा नळीचे टोक सरळ कापून पुन्हा बसवणे एवढेच काम होते. ऑपरेटरला मात्र बोल लावू नका. त्याने व्हॉल्व्ह उघडा ठेवला तो लाइनमध्ये पाणी येत होते म्हणून. ड्रायर आणि ऑटो ड्रेन दुरुस्त केले नसते तर तो व्हॉल्व्ह आठवड्यात पुन्हा उघडला असता.

आता तुमच्याकडे वळतो. तुमची गळती या कारखान्याइतकीच असेल असे गृहीत धरून, आणि कॉम्प्रेसर पाळ्या नसतानाही चालू राहतो असे समजून, मी हिशेब केला. महिन्याचे ७२० तास, त्यांतले दोन पाळ्यांचे ४१६ तास सोडले तर ३०४ तास उरतात. या रिकाम्या तासांत २४ किलोवॅटने सुमारे ७,२०० युनिट्स जातात, आणि पाळीच्या तासांत गळती भरून काढायला आणखी सुमारे ६,४०० युनिट्स. दोन्ही मिळून १३,६०० युनिट्स, म्हणजे तुमच्या ३७,५०० च्या एक तृतीयांशाहून जास्त, महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास. तुम्ही कॉम्प्रेसर रात्री बंद करत असाल तर पहिला आकडा गळून पडेल आणि बचत निम्मी होईल. हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून येत्या गुरुवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, स्वतः जाऊन पाहा.

गळतीनंतर दाबाकडे जा. कॉम्प्रेसरचा दाब १ बारने कमी केला तर त्याची वीज सर्वसाधारणपणे ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते, शिवाय उरलेली गळतीही कमी होते. तुम्ही ७.५ बारवर चालवता आणि “खाली आणले की शेवटच्या रांगेतल्या फिक्स्चरचा क्लॅम्प सुटतो” असे लिहिले आहे; फिक्स्चर म्हणजे जॉब घट्ट धरून ठेवणारी बैठक. माझ्या अनुभवात अशा तक्रारीचे मूळ बहुधा कॉम्प्रेसरमध्ये नसते. ते लाइनमध्ये असते. कारखाना वाढत गेला, नवी रांग जुन्याच एक इंची पाइपवर जोडत गेले, आणि शेवटच्या टोकाला हवा पोहोचेपर्यंत दाब पडू लागला. त्या एका फिक्स्चरसाठी सगळ्या कारखान्याची हवा जास्त दाबाने भरणे महाग पडते. त्या टोकाला एक लहान रिसीव्हर (हवा साठवणारी टाकी) बसवा आणि मुख्य लाइनची दोन टोके जोडून तिचे कडे पूर्ण करा, म्हणजे हवा दोन्ही बाजूंनी पोहोचेल. मग दर आठवड्याला ०.२ बारने दाब खाली आणा. इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: चक (जॉब धरून फिरवणारा भाग), क्लॅम्प आणि टूल चेंजर यांना यंत्रनिर्मात्याने किमान किती दाब सांगितला आहे ते पाहिल्याशिवाय, आणि दाब कमी पडल्यास यंत्र थांबवणारा प्रेशर स्विच चालू आहे याची खात्री केल्याशिवाय हा प्रयोग करू नका. फिरत्या चकमधून जॉब सुटला तर वाचवलेल्या विजेला काही अर्थ उरत नाही.

चिप उडवायच्या एअर गनही पाहा. पुष्कळ ठिकाणी तांब्याची उघडी नळी व्हॉल्व्हला जोडून गन केलेली असते. तिच्याऐवजी आजूबाजूची हवा ओढून घेणाऱ्या नोझलची गन द्या आणि तिच्यापुरता दाब रेग्युलेटरने २ बारच्या आसपास आणा. यात डोळ्यांची आणि कानांचीही काळजी घेतली जाते.

आता विक्रेत्यांच्या चार प्रस्तावांविषयी. बिल उतरवणारी पेटी घेऊ नका. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते ते गुणोत्तर) अंतर्भूत असलेल्या युनिटांवर होते. तुमच्या एपीएफसी पॅनेलमधले (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलमधले) कपॅसिटर आणि कॉन्टॅक्टर ठीक असतील तर ही पेटी ज्या कमी पॉवर फॅक्टरचा इलाज म्हणून विकली जाते तो दोष तुमच्याकडे नाही, आणि ठीक नसतील तर त्यांची दुरुस्ती पेटीपेक्षा स्वस्त आहे. उलट एक गोष्ट तपासा. पॅनेल हातावर ठेवून काही कपॅसिटर कायमचे जोडलेले असतील तर सुट्टीच्या दिवशी पॉवर फॅक्टर लीडिंग होतो (कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाल्याने उलट्या बाजूला जातो), आणि केव्हीएएचच्या बिलात तेही महागात पडते. बिलावर लॅग आणि लीड यांचे आकडे वेगळे छापलेले असतात. लीडचा आकडा मोठा दिसला तर कारण बहुधा हेच.

व्हीएफडीच्या कॉम्प्रेसरबाबत मी स्वतः केलेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कारखान्याला मी गळती न मोजता व्हीएफडीचा कॉम्प्रेसर घ्यायला सांगितले. जुना कॉम्प्रेसर निम्मा वेळ अनलोड चालत होता, त्यामुळे कागदावर बचत भरपूर होती. पण पुढच्या वर्षी त्यांनी गळती काढली, हवेची गरज इतकी घटली की शिल्लक असलेला लहान कॉम्प्रेसर एकटा पुरला असता, आणि मी घ्यायला लावलेला मोठा व्हीएफडी अगदी कमी वेगावर, जिथे त्याची कार्यक्षमता चांगली नसते तिथे, चालत राहिला. मालकांनी मला शब्दाने दुखावले नाही, पण त्यांचे पैसे मी चुकीच्या क्रमाने खर्च करायला लावले होते. म्हणून आता मी सांगतो: गळती १० टक्क्यांच्या जवळ आणा, दाब खाली आणा, मग आठवडाभर हवेची गरज मोजा. तुमच्या बाबतीत कदाचित ३७ चा एकच कॉम्प्रेसर पुरेल आणि २२ चा राखीव राहील. तरीही मागणी दिवसभर वरखाली होत असेल तर व्हीएफडी योग्य आहे. कॉम्प्रेसर जवळजवळ पूर्ण भारावर चालत असेल तर व्हीएफडीत स्वतःचीच थोडी वीज जाते आणि हाती काही लागत नाही. जिथे फॅनचा डँपर किंवा पंपाचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून प्रवाह रोखलेला आहे तिथे मात्र व्हीएफडी खरोखर कामाचा, कारण वेग ८० टक्क्यांवर आणला तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. तुमचा मध्यवर्ती कूलंट पंप आणि मिस्ट कलेक्टरचा फॅन या दृष्टीने पाहून घ्या.

एलईडी बसवा, पण त्याने बिल हलेल अशी अपेक्षा ठेवू नका. सौर पॅनेल चांगलेच आहेत, फक्त ते आधी बसवले तर गळणारी हवाही सौर विजेवर गळू लागते. आधी वापर कमी करा, मग उरलेल्या वापराला पुरतील एवढीच पॅनेल घ्या. कमी पॅनेल लागतील. टीओडीच्या (दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरांच्या) वेळा आणि सवलती वीज नियामक आयोगाच्या आदेशांनुसार बदलत राहतात, म्हणून सौर प्रस्तावातला परतफेडीचा हिशेब चालू आदेशावर केलेला आहे ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

हे सारे तुमच्याकडे भट्टी नाही आणि हीट ट्रीटमेंट बाहेरून होते, या गृहीतावर आहे. हे उत्तर वाचणाऱ्या ज्यांच्याकडे इंडक्शन फर्नेस आहे त्यांनी आधी भट्टीकडे पाहावे, झाकण किती वेळ उघडे राहते आणि वितळलेला धातू ओतण्याची वाट पाहत किती वेळ थांबतो ते लिहून काढावे. ज्यांच्याकडे बॉयलर आहे त्यांनी धुराचे तापमान, परत येणारे कंडेन्सेट (वाफेचे झालेले पाणी) आणि स्टीम ट्रॅप (वाफ अडवून ते पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) यांपासून सुरुवात करावी; फीडवॉटरचे (बॉयलरला दिल्या जाणाऱ्या पाण्याचे) तापमान ६ अंशांनी वाढले की इंधन साधारण १ टक्क्याने वाचते.

बचत झाली की नाही हे कसे ओळखायचे, हा तुमचा शेवटचा प्रश्न फार योग्य आहे, कारण बहुतेक वाद इथेच होतात. मागच्या महिन्याच्या बिलाशी तुलना करू नका. तुमच्याच रेषेवरून अपेक्षित युनिट्स काढा. समजा गळती काढल्यानंतरच्या महिन्यात ५० टन माल निघाला, तर जुन्या सवयीने ३७,५०० अधिक ५० गुणिले ७५०, म्हणजे ७५,००० युनिट्स लागायला हवी होती. प्रत्यक्षात ६९,५०० लागली तर ५,५०० युनिट्स खरोखर वाचली. दर महिन्याचा हा फरक एकमेकांत मिळवत जा. बेरीज वाढत राहिली तर काम टिकले आहे. तिची वाढ थांबली तर कुठेतरी पुन्हा गळती सुरू झाली आहे, आणि हे तुम्हाला बिलावरून नव्हे तर या बेरजेवरून आधी कळेल. त्यासोबत आठवड्याचा एक आकडाही ठेवा: बुधवारी रात्री दुसरी पाळी संपल्यावर मुख्य मीटरचे वाचन आणि शुक्रवारी सकाळी पहिली पाळी सुरू होण्याआधीचे वाचन. हे काम फोरमनकडे द्या आणि तो आकडा त्यांच्याच हाताने शॉपफ्लोअरच्या फळ्यावर लिहिला जाऊ द्या.

करारमागणीला मात्र लगेच हात लावू नका. तुमची नोंदलेली कमाल मागणी २२५ ते २६२ केव्हीए आहे आणि करार ३५० चा, त्यामुळे तो कमी करण्याचा मोह होणारच. बिलाची मागणी ठरवताना प्रत्यक्ष मागणी, मागील ११ महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीचा ७५ टक्के भाग आणि करारमागणीचा आयोगाने ठरवलेला किमान हिस्सा यांपैकी जी सर्वाधिक ती धरतात, आणि तो किमान हिस्सा गेल्या काही वर्षांत वाढत गेला आहे. म्हणून जास्तीचा करार आता पूर्वीपेक्षा महाग आहे हे खरे. पण करार ओलांडला तर जादा मागणीला दीडपट दर लागतो. आधी गळती आणि दाबाचे काम होऊ द्या, उन्हाळ्यातले दोन महिने जाऊ द्या, नवी कमाल मागणी स्थिर झालेली पाहा, पुढच्या वर्षी येणारी यंत्रे तीत मिळवा आणि मगच अर्ज करा.

तुमच्या २० लाखांपैकी या पहिल्या टप्प्याला फिटिंग, नळ्या, ऑटो ड्रेन, एक रिसीव्हर आणि पाइपचे कडे एवढाच खर्च आहे, तो या रकमेचा लहानसा भाग असेल. पुढच्या मोठ्या खरेदीआधी महाऊर्जाकडे (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे) सूचीबद्ध असलेल्या संस्थेकडून, प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाच्या सहीने मोजणी करून घ्या; यंत्र विकणाऱ्याच्या मोजणीवर खरेदी ठरवू नका. येत्या गुरुवारी तीन आकडे घ्या: कॉम्प्रेसरचा लोड आणि अनलोडचा वेळ, बुधवार रात्र ते शुक्रवार सकाळ या काळातली युनिट्स आणि शेवटच्या रांगेतल्या फिक्स्चरपाशी पाळी चालू असताना दिसणारा दाब. ते इथे लिहिलेत तर दुसरा कॉम्प्रेसर ठेवावा की काढावा याचे उत्तर मी आकड्यांसह देऊ शकेन.